भाच्याची माझदा आणि पावसची चढण

पावसचा माणूस गाडी घेताना टॉप स्पीड विचारत नाही. शोरूममधला टाय लावलेला मुलगा हॉर्सपॉवर, टचस्क्रीन, सनरूफ सगळं घडाघडा म्हणून दाखवतो, तोवर आमचा माणूस काचेतून बाहेर रस्त्याकडे बघत असतो. मुलगा दमला की तो एकच विचारतो, "पाच माणसं आणि मागे पेट्या असल्या, तर चढणीला ओढते काय?" मुलगा पुन्हा सनरूफवर येतो. सौदा तिथेच फिसकटतो.

याला कारण आमचा रस्ता. रत्नागिरी सोडलीत की काजळी नदीवरचा भाट्याचा पूल लागतो. पुढे सुरूच्या बनाच्या कडेने थोडा सपाट, सरळ रस्ता आहे. तुमच्या गाडीचा जो काय टॉप स्पीड असेल तो तिथेच बघून घ्यायचा, कारण लगेच चढण सुरू होते. चढून सड्यावर, सड्यावरून गोळप, गोळपहून वळणं घेत खाली पावस. पावसहून पुढे निघालात तर पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीवर उतरायचं, पलीकडे गावखडी, मग कशेळी, आडिवरे, असं चढत-उतरत राहायचं. ज्याने हा किनाऱ्याचा रस्ता आखला त्याने एक खाडी, एक सडा असं आळीपाळीने वाटप केलं आहे आणि वाटपात कुणावर अन्याय होऊ दिलेला नाही.

त्यात नेमक्या वळणावर समोरून एसटी येते. एसटीला वाट द्यायची हा इकडचा रिवाज आहे, वाहतुकीचे नियम मागाहून आले. तुम्ही चढणीवर थांबता. बस जाते. आता हँडब्रेक सोडत, क्लच उचलत गाडी हलवायची असते. आत मावशी, तिचे दोन फणस, मावशीने वाटेत "येतेस का गं?" म्हणून घेतलेली शेजारीण. इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर. त्या घटकेला जी गाडी मागे न सरकता पुढे निघते ती चांगली गाडी. बाकीचे गुण भाट्याच्या त्या सपाट तुकड्यापुरते.

आणि खरं सांगायचं तर हे गाव वेगाला भुलणारं नाहीच. स्वामी स्वरूपानंद इथे १९०३ साली जन्मले, पुढे अनंत निवासातल्या एका खोलीत सुमारे चाळीस वर्षं राहिले आणि १९७४ साली त्यांनी देह ठेवला. आजही मुंबई-पुण्याहून गाड्याच्या गाड्या समाधीच्या दर्शनाला येतात. जागचा न हलता माणूस किती लांब पोचतो याचा एवढा मोठा दाखला दाराशी असताना 'शून्य ते शंभर किती सेकंदांत?' हा प्रश्न इथे विचारणार कोण?

तो प्रश्न आमच्या घरात न्यूझीलंडहून आला. माझा भाचा ऑकलंडला असतो. आपल्यासारखंच तिकडेही डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या बोटींवर लादून तिकडे आणतात आणि तिकडची तरुण मुलं त्यांवर तुटून पडतात. एके रात्री त्याचा फोन आला, "मामा, माझदा घेतली." आवाजात नातू झाल्यासारखा आनंद होता. सकाळी मी ती बातमी नाक्यावर सांगितली आणि घोटाळा झाला.

माझदा कंपनीने आपल्याकडे कधी मोटारी विकल्या नाहीत. १९८० च्या दशकापासून कोकणाने जी माझदा पाहिली ती स्वराज माझदा. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, भजनी मंडळ आणि हंगामात आंब्याच्या पेट्या, सगळं पोटात घेणारी गाडी. त्यामुळे नाक्यावर भाच्याचं मनापासून कौतुक झालं. पोरगं इतकं शिकलं, परदेशात गेलं आणि अखेर धंद्याला लागलं. "पेट्या किती बसतात?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, दोन माणसं बसतात, मागच्या सीटवर एखादी हातपिशवी. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एसटीतून निवृत्त झालेले आमचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "असो. पोरगं तब्येतीने बरं आहे ना?"

गाडीचं नाव आरएक्स-७. १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये निघालेली तिसरी पिढी, २००२ पर्यंत बनत होती. इंजिन अवघं १३०८ सीसीचं, पण टर्बो लावलेलं, आणि जातीने रोटरी. भाच्याची तक्रार सरळ होती. साडेतीन हजार फेऱ्यांच्या खाली गाडीत जीव नाही. त्याच्या वर गेली की मान मागे आपटते. ऑकलंड हे शहर जुन्या ज्वालामुखींच्या टेकड्यांवर वसलेलं आहे. सिग्नल हिरवा झाला की ही दोनशे-अडीचशे घोड्यांची गाडी टेकडीवर गुदमरायची आणि मागून भाजीवालीची जुनी छोटी गाडी हॉर्न देत पुढे निघून जायची. "मामा, खालचा जोर कसा वाढवायचा? तुमच्याकडे घाटातली माणसं आहेत, विचारा ना."

असा प्रश्न पावसला विचारायचा म्हणजे ग्रामसभाच बोलवायची. गॅरेजच्या बाकावर ड्रायव्हरकाका होते, मिस्त्री एका पिकअपखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी फोनवरून आलेली माहिती वाचून दाखवली.

"या इंजिनात पिस्टन नाही," मी म्हटलं.

पाय हलायचे थांबले.

"व्हॉल्व्ह नाहीत. कनेक्टिंग रॉड नाही."

मिस्त्री सरकत बाहेर आला. "मग हाय काय तिच्यात?"

दोन तिकोनी रोटर आणि त्यांच्या मधून जाणारा एक दांडा. रोटर एका लांबट खोबणीत गोल फिरतात, फिरताना त्यांच्या तिन्ही कडांशी हवा ओढली जाते, दाबली जाते, पेटते आणि बाहेर फेकली जाते. दांडा तीन वेळा फिरतो तेव्हा रोटर एकदा.

"आणि ऑइल पिते," मी पुढे वाचलं.

"म्हणजे रिंगा गेल्या."

"रिंगाच नाहीत, मिस्त्री. तिला ऑइल पाजावंच लागतं. रोटरच्या टोकांच्या सीलना वंगण हवं म्हणून कंपनीनेच पंप दिलाय, तो थोडं थोडं ऑइल आत सोडतो, ते जळून जातं."

मिस्त्रीने हात पुसले आणि चहा सांगितला. नवी गाडी बघून तो कधी चहा सांगत नाही. त्याच्या मते हा वैद्यकीय प्रसंग होता.

खालचा जोर का नाही, हे त्याला मी जात्यावरून समजावलं. जात्याचा खुंटा पाळीच्या कडेला असतो म्हणून बाईमाणूस एका हाताने ते ओढू शकतं. तोच खुंटा मधल्या खिळीला चिकटून ठोकला तर पैलवान लावा, पीठ पडायचं नाही. पिस्टनच्या इंजिनात हे अंतर बऱ्यापैकी असतं. स्विफ्टचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन घ्या, त्यात ते ४१ मिलिमीटर आहे. रोटरीत ते १५. अर्थात हिशेब इतका सरळ नाही, रोटरचा ढकलणारा पृष्ठभाग मोठा असतो आणि ढकलण्याचा अवधीही लांब. पण निकाल बघा. स्विफ्ट डिझेल १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर २००० फेऱ्यांवर देऊन मोकळी होते. आरएक्स-७ चा आकडा मोठा, २९४, पण तो यायला ५००० फेऱ्या लागतात. आमच्या रस्त्यावर ५००० फेऱ्या झाल्या तर लोक घरातून बाहेर येऊन कुणाचं काय झालं विचारतात.

शिवाय गळती. इंजिन हळू फिरत असताना दाबलेल्या वायूला सीलच्या फटींतून निसटायला भरपूर वेळ मिळतो. जोरात फिरलं की त्याला तेवढी सवडच उरत नाही. सरकारी निधीचंही असंच होत असावं, पण तो वेगळा विषय आहे.

हे इंजिन ज्याने काढलं तो फेलिक्स वांकेल हा जर्मन गृहस्थ. पेटंट १९२९ चं, आणि त्याच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन एनएसयू या कंपनीत १९५७ साली फिरलं. वांकेलची नजर इतकी अधू होती की त्याने आयुष्यभर मोटार चालवण्याचा परवाना काढला नाही. हे ऐकल्यावर ड्रायव्हरकाकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते म्हणाले, "तेच तर. चढणीवर कधी उभा राहिलाच नाही ना तो." मला वाटतं, तांत्रिक साहित्यात रोटरी इंजिनावर इतकी नेमकी टीका कुणी केलेली नसावी.

आता टर्बो. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं, त्या चक्राने दुसरं चक्र फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची. कल्पना झकास आहे, फक्त सुरुवातीला अडते. जास्त हवा हवी तर आधी जास्त धूर हवा, आणि जास्त धूर हवा तर आधी जास्त हवा हवी. कुणीतरी पहिल्यांदा पुढे व्हायचं असतं आणि दोघंही 'आधी तुम्ही' म्हणत उभे राहतात. चक्र जेवढं मोठं तेवढा हा आग्रह लांबतो. छोटं चक्र पटकन फिरतं पण वर गेल्यावर त्याचा श्वास पुरत नाही. मोठं वर राज्य करतं, खाली झोपा काढतं.

माझदाच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी या गाडीला दोन छोटे टर्बो दिले होते, आणि तेही पाळीने कामाला येणारे. खाली सगळा धूर पहिल्या टर्बोला, म्हणजे तो लवकर जागा होतो. साधारण ४५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा येऊन मिळतो, आणि येण्याआधी त्याला जरा फिरवून तयार ठेवलेलं असतं. हे सगळं सांभाळायला व्हॅक्यूमच्या नळ्यांचं, झडपांचं आणि सोलेनॉइडचं असं जंजाळ की बोनेट उघडल्यावर माणसाने प्रथम देवाचं नाव घ्यावं. तर भाच्याच्या आधी ज्याच्याकडे ही गाडी होती त्याने ते दोन्ही टर्बो आणि ते जंजाळ उपटून एकच भलामोठा टर्बो बसवला होता.

मी हे वाचून दाखवलं. ड्रायव्हरकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काढलंन कशाला?"

फोनच्या पलीकडे भाचा गप्प झाला. त्याला सहा महिने गाडीवाल्या मित्रांनी नाना उपाय सुचवले होते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

कारणं होती. रोटरीचा धूर भयंकर तापतो, त्या उष्णतेने रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, मग कुठली नळी गेली ते शोधण्यात आठवडे जातात. हे कारण मला पटतं. पण दुसरं कारण जास्त खरं होतं. गाडी रोलरवर चढवून ताकद मोजतात, त्याचा आलेख छापून मिळतो आणि त्या आलेखाचं सगळ्यात उंच टोक तेवढं लोक मित्रांना सांगतात. डावीकडचा खालचा भाग, जिथे माणूस रोज सिग्नलला उभा असतो, तो कागदावर असतो पण बोलण्यात येत नाही. मोठ्या टर्बोने ते टोक उंच झालं होतं. आधीच्या मालकाने टोक सांगून गाडी विकली. भाच्याने टोक ऐकून घेतली.

मग उपायांची छाननी सुरू झाली. भाच्याच्या मित्रांनी इंजिनाची तोंडं कोरून मोठी करायला सांगितलं होतं. तोंडं फार कोरली की जळलेला वायू आणि ताजी हवा एकमेकांत घुसतात आणि खालचा जोर आणखी जातो, फायदा फक्त वर. काकांनी ते नामंजूर केलं. हलकं फ्लायव्हील? इंजिन चटकन आवाज चढवतं, पण जोर वाढत नाही, उलट चढणीवर गाडी उचलताना बंद पडायची भीती जास्त. नामंजूर. इग्निशन पुढे घेऊन बूस्ट वाढवणं? इथे मिस्त्रीला काही माहीत नसताना त्याचं मत बरोबर निघालं. "ठोकायला लागंल." रोटरीला ते ठोकणं अजिबात मानवत नाही. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सोसून घेतं, रोटरीत टोकाचं सील तुटतं, आणि ते फक्त दोन मिलिमीटर जाडीचं असतं. मग पूर्ण इंजिन खोलायचं. इग्निशनला हात लावायचा तर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, घाई नसलेल्या माणसानेच लावावा.

मंजूर झालेल्या गोष्टी अगदीच साध्या होत्या. आधी कॉम्प्रेशन बघा. त्यासाठी रोटरीचं वेगळं मीटर लागतं, कारण एका रोटरचे तीन कप्पे, दोघांचे मिळून सहा आकडे यायला हवेत, आणि नेहमीचं मीटर त्यातला सगळ्यात चांगला तेवढा सांगून मोकळं होतं. (नेहमीच्या मीटरचा स्वभाव माणसासारखा आहे.) मग टर्बोपासून इंजिनापर्यंतची वाट तपासा, कुठे क्लॅम्प सैल होऊन हवा फुकट चाललीय का. मग टर्बो छोटा करा, किंवा निदान त्याच्या धुराकडच्या बाजूचं घर तरी लहान बसवा. आणि मागच्या डिफरन्शियलचे दात बदला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जरा जास्त फिरेल आणि जोर लवकर हाती येईल. या शेवटच्या उपायाने वरचा वेग थोडा घटतो. भाचा तिथे अडखळला. काकांनी विचारलं, "तिथे किती चालवू देतात?" शंभर, हमरस्त्यावर. "गाडी किती पळते?" अडीचशे. काकांनी पुढे काही विचारलं नाही.

त्याचा धीर राहावा म्हणून मी त्याला ले मान्सची गोष्ट सांगितली. १९९१ साली माझदाची ७८७बी ही चार रोटरची गाडी चोवीस तासांची ती शर्यत जिंकली, आणि ती जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. तिथे तर सगळा मामला वरच्या फेऱ्यांचा. तरी इंजिनिअरांनी हवा आत नेणाऱ्या नळ्या अशा केल्या होत्या की इंजिन हळू असताना त्या लांब व्हायच्या आणि वेग वाढला की आखूड. लांब नळीने खालचा जोर मिळतो. म्हणजे जग जिंकायला निघालेल्यांनाही खालची चिंता होतीच.

पण रोटरीचं खरं सासर मला विचाराल तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. अहमदनगरला, आता अहिल्यानगर, व्हीआरडीई ही लष्करी वाहनांचं संशोधन करणारी संस्था आहे. तिने बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर एक रोटरचं वांकेल इंजिन तयार केलं, वजन सुमारे तीस किलो, आणि २००९ च्या मार्चमध्ये कोलारला ते 'निशांत' या बिनमाणसाच्या विमानात बसून उडालं. त्या आधी निशांतला परदेशी इंजिन लागायचं. आता या विमानाची व्यवस्था बघा. उड्डाणाच्या वेळी ते ट्रकवरच्या लाँचरवरून हवेत फेकायचे. उतरताना पॅराशूट उघडायचं. मधल्या वेळात इंजिनाने जवळपास एकाच गतीने फिरत राहायचं. थांबणं नाही, एसटी नाही, मावशी नाही. सुरुवातीचा सगळा जोर दुसऱ्याने लावायचा असेल तर रोटरीइतकं गोड इंजिन नाही.

काकांना हे ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुझ्या भाच्याला एक ट्रक घ्यायला सांग."

भाच्याने ट्रक घेतला नाही. त्याने जुन्या मालकाला गाठलं. ते दोन टर्बो त्याच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांखाली, जसेच्या तसे पडलेले होते. नळ्या सगळ्या नव्या, सिलिकॉनच्या घातल्या. एक क्लॅम्प सैल निघाला. आलेखाचं टोक खाली आलं आणि डावीकडचा भाग फुगला. पहिल्या दिवशी टेकडीच्या सिग्नलला त्याने भाजीवालीला मागे टाकलं आणि लगेच मला फोन केला, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजले होते. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, यातलं एवढंच कळलं की मुलाने पैसे खर्च करून गाडी पूर्वी होती तशी केली, आणि त्याबद्दल त्याचं अभिनंदन करायचं आहे.

आता राहिला तो मोठा टर्बो. भाच्याला तो विकायचा होता. पण मिस्त्रीच्या डोक्यात त्या दिवसापासून तोच फिरतोय. पूर्णगडच्या बंदरात त्याच्या मेव्हण्याची बोट आहे, तिला जुनं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. बोट एकदा खाडीबाहेर पडली की तासन् तास एकाच फेऱ्यांवर चालते, चढण नाही की सिग्नल नाही. मोठ्या टर्बोला याहून सुखाची जागा कुठली? मी म्हटलं, पेट्रोलच्या रोटरीचा टर्बो डिझेलच्या बोटीला बसेल कसा? "बसवूया की. फ्लँज बनवायला किती वेळ लागतो." भाचा मे महिन्यात येणार आहे, आणि मिस्त्रीने निरोप दिलाय की तो विकू नको, बॅगेतून घेऊन ये. विमानात तेवीस किलोची मुभा आहे. ताईने त्यातल्या वीस किलोंची यादी आधीच पाठवली आहे, आणि टर्बोचं वजन किती हे भाचा अजून कुणाला सांगत नाहीये.